बैलगाडा शर्यत : घाटापासून घटनापीठापर्यंत
पुणे जिल्ह्यातील खेड, जुन्नर, आंबेगाव या तालुक्यांत ग्रामदैवताच्या यात्रेनिमित्त ‘घाटा’त, म्हणजे चढाच्या राखीव धावपट्टीवर, बैलगाडे पळविण्याची प्रथा जुनी असली, तरी बैलांना टोकदार पराणी टोचणे, त्यांची शेपटी पिरगाळणे अशा प्रकारांवर प्राणिहक्क संघटनांनी तीव्र आक्षेप घेतला. केंद्र सरकारने २०११ मध्ये, ज्या प्राण्यांचे खेळ करण्यास मनाई आहे त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. पुढे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ आणि ‘पेटा’ ही प्राणिहक्क संघटना यांनी लढविलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी तमिळनाडूतील जल्लिकट्टू या बैलांच्या खेळाबरोबर महाराष्ट्रातील शर्यतीही बेकायदा ठरविल्या. या निकालाने, जीविताच्या हक्काची हमी देणाऱ्या संविधानातील २१व्या अनुच्छेदाचा आशय प्राण्यांपर्यंत विस्तारला.

या बंदीवर उपाय म्हणून महाराष्ट्राने २०१७ मध्ये, प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या मनाईमुळे शर्यती थांबलेल्याच राहिल्या, आणि डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिल्यावरच घाट पुन्हा गजबजले. अखेर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी ही दुरुस्ती वैध ठरविली, त्यामुळे वादाचा रोख बंदीकडून नियमपालनाकडे वळला.