पेल्विकाक्रोमिस

सिक्लिडी कुलातील गोड्या पाण्यातल्या लहान माशांची एक प्रजाती. पश्चिम आफ्रिकेत, विशेषतः नायजेरिया व कॅमेरून येथील किनाऱ्यालगतच्या नद्या-ओढ्यांत हे मासे आढळतात. बेल्जियन मत्स्यतज्ज्ञ टीस फान देन आउडेनार्डे यांनी 1968 मध्ये ही प्रजाती वेगळी केली. तिच्यातील सर्वांत परिचित जाती पेल्विकाक्रोमिस पुल्कर हिचे वर्णन मात्र बूलांजे यांनी 1901 मध्येच केले होते. शोभिवंत माशांच्या दुकानांत ती ‘क्रिबेन्सिस’ नावाने मिळते. हे नाव खरे तर क्रिबी या कॅमेरूनमधील गावाजवळच्या दुसऱ्या जातीचे, पण व्यापारात चिकटले ते चिकटलेच.

पुल्करचा नर सुमारे 10 सेंमी. लांब, मादी त्याहून लहान व गोलसर असते. अंगावर डोळ्यापासून शेपटीपर्यंत काळसर पट्टा जातो. माशांत बहुधा नर भडक असतो. येथे नटते ती मादी. विणीच्या काळात तिचे पोट गर्द लालजांभळे होते. अंग वाकवून, थरथरवत ती नरापुढे हे पोट मिरवते व प्रणयाला बहुधा तीच सुरुवात करते. अंडी दगडाखालच्या कपारीत, छताला चिकटवलेली असतात. मादी आत अंड्यांजवळ थांबते आणि नर बाहेरच्या हद्दीची राखण करतो. पिल्ले पोहू लागली की दोघेही त्यांचा थवा सांभाळतात.

या जातीत पिल्लांचे लिंग केवळ अनुवंशाने ठरत नाही. पहिल्या काही आठवड्यांतील पाण्याच्या सामूचा त्यावर प्रभाव पडतो. आम्लधर्मी पाण्यात नरांचे प्रमाण वाढते. नरांतही लाल व पिवळे असे दोन रंगप्रकार असतात आणि त्यांच्या प्रमाणावरही सामूचा परिणाम होतो. काही नर एकाच मादीबरोबर राहतात, काही अनेक माद्या राखतात. काही दुय्यम नर तर दुसऱ्याच्या हद्दीत राहून राखणीला हातभार लावतात व संधी साधून काही अंडी फलित करतात. एवढ्याशा माशात इतकी गुंतागुंत क्वचितच दिसते.

कोकण-गोव्यातील कालुंदर आणि महाराष्ट्रातील धरणांत पसरलेला चिलापी हे याच कुलातील आहेत. मत्स्यालयात पुल्करची जोडी सहज वाढते. तिला लपण्यासाठी कपार किंवा उपडी ठेवलेली फुटकी कुंडी द्यावी. नर-मादी साधारण समप्रमाणात हवे असतील तर पाण्याचा सामू 7 च्या आसपास ठेवावा. नको झालेले मासे ओढ्यात किंवा तळ्यात मात्र सोडू नयेत. हवाई बेटांवर बाहेरून गेलेला हा मासा आज तेथील पाण्यात स्थिरावला आहे.