स्कॅनच्या कडेपलीकडे

बाल्टिमोरचे शल्यचिकित्सक वॉल्टर डँडी यांनी १९२८ साली मेंदूतल्या गाठीपायी काही रुग्णांचा अख्खा उजवा अर्धगोल काढून टाकला. तरीही गाठ उलटलीच. ग्लायोमा या मेंदूतल्या गाठीची खोड हीच: सुरी थांबते त्याच्या पुढे पेशी आधीच पोचलेल्या असतात.

पण किती पुढे? सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मेंदूविकृतितज्ज्ञ एल्सवर्थ ऑल्व्हर्ड आणि गणितज्ञ जेम्स मरे यांनी हा प्रश्न हाती घेतला. मरे यांनी आधी ऑक्सफर्डला गणिती जीवशास्त्राचं केंद्र उभं केलं होतं. बिबट्याचे ठिपके कसे उमटतात, याचीही समीकरणं त्यांनी मांडली होती. १९९५ मध्ये या गटाचा निबंध आला, तो एकाच रुग्णाच्या लागोपाठच्या सीटी स्कॅनवरून. एकच रुग्ण ऐकून शंका येते. मला मात्र यातली हिंमत मोलाची वाटते.

गाठीच्या वाढीच्या मूळ समीकरणात दोनच आकडे: पेशी किती झपाट्याने पसरतात आणि किती झपाट्याने वाढतात. त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ दुप्पट केलं, की गाठीची कड पुढे सरकण्याचा वेग मिळतो. हे सूत्र १९३७ चं, रोनाल्ड फिशर यांनी जनुकांच्या प्रसारासाठी मांडलेलं.

मरे आणि ऑल्व्हर्ड यांच्या हाताखाली तयार झालेल्या क्रिस्टिन स्वॉन्सन यांनी २००० मध्ये मोठी पायरी गाठली. तोवर मेंदू एकजिनसी धरलेला होता. त्यांनी करडा आणि पांढरा भाग वेगळा केला आणि पांढऱ्यात पेशी पाचपट पसरतात असं धरलं. मग संगणकावरची गाठ गोल राहिली नाही. मज्जातंतूंच्या वाटेने लांबवर गेली.

पुढे स्वॉन्सन यांचं काम शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात आणि तिथून अ‍ॅरिझोनातल्या मेयो क्लिनिकमध्ये गेलं. आता आधार एमआरआयचा. गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट द्रव्य दिल्यावर उजळणारी कड आणि तिच्याबाहेरच्या सुजेची कड, या दोन्हींतलं अंतर जास्त असेल तर गाठ पसरणारी, कमी असेल तर जागीच दाटणारी. हे अंतर आणि कड पुढे सरकण्याचा वेग, यांवरून प्रत्येक रुग्णाचे दोन आकडे त्याच्याच स्कॅनमधून काढता येतात.

२०१३ मध्ये याच गटाने आणखी एक माप मांडलं. उपचार दिलेच नसते तर गाठ किती वाढली असती, हे आधी समीकरणाने काढायचं. मग उपचारानंतरची गाठ त्या वाढीत कोणत्या दिवशी बसते ते पाहायचं, आणि तो दिवस व प्रत्यक्ष स्कॅनचा दिवस यांतला फरक मोजायचा. या मापाचं नाव आहे ‘कमावलेले दिवस’.