भात साठवणीसाठी दवबिंदू मापक: मांडणी, पडताळणी आणि वापर

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड, शहापूर, भिवंडी, अंबरनाथ आणि कल्याण तालुक्यांच्या ग्रामीण भागात खरीप भाताची कापणी साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. झोडणीनंतर भात पोत्यांत भरून पत्र्याच्या छपराखाली रचला जातो. थंडी सुरू झाली की पहाटे पत्र्याला आतून घाम सुटतो आणि थेंब वरच्या पोत्यांवर पडतात. पाऊस नसतानाही भात भिजतो, बुरशी धरते आणि बियाण्याची उगवणशक्ती घटते. गोदाम कधी उघडावे व कधी बंद ठेवावे, हे दवबिंदूवरून ठरवता येते. मात्र मापक तपासलेला असेल तरच त्यावर विसंबावे.

दवबिंदू म्हणजे काय?

हवा थंड होत गेली की एका ठराविक तापमानाला तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते. ते तापमान म्हणजे दवबिंदू. पत्रा, भिंत किंवा धान्य यांचे तापमान दवबिंदूच्या खाली गेले की त्यावर पाणी जमते. रात्री निरभ्र आकाशाखाली पत्रा हवेपेक्षाही थंड होतो, म्हणून घाम आधी तिथे सुटतो.

प्रयोगशाळेतील महागडी यंत्रे आरसा थंड करून दवबिंदू प्रत्यक्ष मोजतात. बाजारातील साधे मापक तापमान व सापेक्ष आर्द्रतेवरून तो काढतात. फक्त हे दोनच आकडे दाखवणारे यंत्र असल्यास खालील अंदाज वापरावा (६०, ७५ व ९० टक्के आर्द्रतेला, अनुक्रमे):

- हवा २० अंश सेल्सिअस: दवबिंदू १२, १५, १८ अंश
- हवा २५ अंश: दवबिंदू १७, २०, २३ अंश
- हवा ३० अंश: दवबिंदू २१, २५, २८ अंश

आर्द्रतेत ५ टक्क्यांची चूक झाली, तर दवबिंदूत साधारण १ अंशाची चूक होते.

मांडणी

- एक मापक गोदामात, जमिनीपासून १ ते १.५ मीटर उंचीवर, भिंत व दारापासून दूर टांगावा.
- दुसरा बाहेर सावलीत, मोकळ्या हवेत ठेवावा. ऊन किंवा पाऊस लागू देऊ नये.
- शक्य असल्यास साध्या तापमापकाचे टोक पत्र्याला आतून चिकटवावे.
- आकडा वाचताना मापकाजवळ श्वास सोडू नये.
- गोदामात धुरीकरण करण्यापूर्वी मापक बाहेर काढावा. फॉस्फिन वायूने यंत्रातील तांब्याचे भाग खराब होतात.

मिठाने पडताळणी

१. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यावे. थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखे करावे. मीठ पूर्ण विरघळू देऊ नये. शुद्ध सोडियम क्लोराइड मिळाल्यास उत्तम. घरगुती मिठाने ढोबळ तपासणी होते.
२. घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात हे झाकण व मापक शेजारी ठेवावेत. मीठ यंत्राला लागू देऊ नये.
३. डबा सावलीत, सारख्या तापमानाच्या जागी १२ तास ठेवावा. न उघडता बाहेरूनच आकडा वाचावा.
४. आर्द्रता ७५ टक्के दिसायला हवी. ७० दिसल्यास त्या यंत्राच्या वाचनात ५ मिळवावेत. हा फरक तारखेसह यंत्रावर चिकटवावा. नंतर सुधारित आर्द्रतेवरून दवबिंदू वरील अंदाजाने काढावा.

दोन्ही मापक एकाच डब्यात तपासावेत. कमी आर्द्रतेची तपासणी करायची असल्यास मिठाऐवजी मॅग्नेशियम क्लोराइड वापरावे. त्याला सुमारे ३३ टक्के आर्द्रता येते. पडताळणी दर हंगामापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पुन्हा करावी.

पेल्याने खात्री

स्टीलच्या पेल्यात साधे पाणी व तापमापक ठेवावा. बर्फाचे लहान तुकडे टाकत ढवळत राहावे. पेल्यावर बाहेरून धुके येईल ते तापमान लिहावे. नंतर बर्फ न घालता ढवळत राहून धुके विरेल ते तापमानही लिहावे. दोन्हींची सरासरी म्हणजे त्या जागेचा दवबिंदू. मापकाच्या आकड्यात १ अंशाहून जास्त फरक आल्यास मिठाची पडताळणी पुन्हा करावी.

वापर

- बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा कमी असेल तेव्हाच खिडक्या उघडाव्यात. समजा नोव्हेंबरच्या दुपारी बाहेर ३३ अंश व ४० टक्के आहे (दवबिंदू सुमारे १८), आत २८ अंश व ७० टक्के (सुमारे २२). गोदाम उघडावे, आतली ओल बाहेर जाईल.
- जुलैत बाहेर २८ अंश व ९० टक्के (सुमारे २६) आणि आत ३० अंश व ७० टक्के (सुमारे २४) असेल, तर गोदाम बंद ठेवावे. उघडल्यास ओल आत येईल.
- थंडीच्या दिवसांत दुपारी गोदाम उघडून आतली हवा बदलून घ्यावी. पत्र्याचे तापमान आतल्या दवबिंदूच्या जवळ जात असेल, तर पोत्यांचा वरचा थर झाकावा. आच्छादन पोत्यांना घट्ट गुंडाळू नये.

धान्याचा ओलावा वेगळा

हवेचा दवबिंदू धान्याचा ओलावा सांगत नाही. आधारभूत खरेदीत भातासाठी ओलाव्याची कमाल मर्यादा १७ टक्के आहे, पण तेवढ्या ओलाव्याचा भात दीर्घकाळ साठवण्यास योग्य नाही. साठवणीसाठी १४ टक्क्यांपर्यंत व बियाण्यासाठी १३ टक्क्यांपर्यंत वाळवावा. अंदाजासाठी बरणी तीन-चतुर्थांश भाताने भरून वर मापक ठेवावा व झाकण घट्ट लावावे. काही तासांनी आर्द्रता ७० टक्के स्थिरावली, तर भाताचा ओलावा सुमारे १३ टक्के असतो. ७५ टक्क्यांना सुमारे १४. ७५ च्या वर आकडा आल्यास पोती रचू नयेत, आणखी एक ऊन द्यावे. ओला भात रचल्यास तोच आतल्या हवेत ओल सोडतो, मग खिडक्या कितीही सांभाळल्या तरी पत्रा ठिबकतोच.