फुलं झाडभर, फळं ओंजळभर : तेल नेणाऱ्या माशीची गोष्ट



घरामागं बार्बाडोस चेरीची दोन झाडं आहेत. काही जण तिला अ‍ॅसेरोला म्हणतात. पाच वर्षांपूर्वी रोपवाटिकेतून आणली. बहर आला की झाड गुलाबी फुलांनी भरून जातं, आणि फळं म्हणाल तर ओंजळभर. आधी वाटलं खत कमी पडलं. मग बोरॉन फवारलं. मग सातेरीची पेटी आणून झाडाखाली ठेवली. माश्या पेटीतून निघायच्या आणि चेरीवरून सरळ शेवग्याकडं जायच्या.

मागच्या महिन्यात मावसभावाचा फोन आला. एकरभर चेरी लावायची म्हणतोय, कर्ज काढून. म्हणलं, "दादा, पंधरा दिवस थांब, मला जरा बघू दे." मग वाचायला बसलो. जे कळलं ते इथं टिपून ठेवतोय.

या फळाचं नशीब १९४६ साली उघडलं. पोर्तो रिकोच्या विद्यापीठात कॉनराडो असेन्हो यांनी चेरीतलं क जीवनसत्त्व मोजलं. संत्र्याच्या १०० ग्रॅम गरात ते ५० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, या चेरीत हजाराच्या वर निघालं. बातमी पसरली आणि लागवडी सुरू झाल्या. हवाई बेटांवरही बागा उभ्या राहिल्या. तिथं रडगाणं तेच, माझ्यासारखं. फुलं भरपूर, फळधारणा कमी. १९६१ साली यामाने आणि नाकासोने या दोघांनी तिथल्या परागीभवनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका जातीचे पराग हातानं दुसऱ्या जातीच्या फुलाला लावले, तर फळं चांगली वाढत होती. म्हणजे झाडात खोट नव्हती, पराग नेणारं कुणी नव्हतं. मग फळधारणेसाठी संजीवकं फवारून बघितली. पण माशी या फुलाकडं का फिरकत नाही, याचं उत्तर तेव्हा कुणाकडंच नव्हतं.

कारण आपण सगळे एकच गोष्ट धरून बसलो होतो. १७९३ साली जर्मनीत श्प्रेंगेल यांनी पुस्तक लिहून दाखवलं की फुलातला मकरंद किड्यांसाठी असतो, आणि किडे त्याच्या बदल्यात पराग नेतात. तेव्हापासून पावणेदोनशे वर्षं हिशेब ठरलेला: फूल देणार मकरंद नाहीतर पराग. चेरीच्या फुलात तर मकरंद नाहीच.

फूल उलटं करून बघा. पाकळ्यांच्या मागं, हिरव्या निदलांवर फुगीर गाठी दिसतील, एका फुलाला सहा ते दहा. या गाठी वनस्पतिशास्त्रज्ञांनी आधीही पाहिल्या होत्या, वर्णन करून ठेवल्या होत्या. पण त्यात काय आहे आणि कुणासाठी आहे, हे जर्मन शास्त्रज्ञ स्टेफान फोगेल यांनी उलगडलं. १९६९ साली सिअ‍ॅटलच्या जागतिक वनस्पतिशास्त्र परिषदेत त्यांनी सांगितलं की काही फुलं मकरंदाऐवजी तेल देतात, आणि काही माश्या खास ते तेल गोळा करतात. १९७४ साली त्यावर मोठा ग्रंथ आला.

चेरीच्या कामाची माशी म्हणजे अमेरिका खंडातली सेंट्रिस. ती एकेकटी राहते. पोळं नाही, राणी नाही. फुलावर येते, एका पाकळीचा बारीक देठ जबड्यात धरते आणि पुढच्या चार पायांवरच्या कंगव्यासारख्या केसांनी खालच्या गाठी खरवडते. तेल मागच्या पायांच्या दाट केसांत भरते. हे चालू असताना तिचं पोट पुंकेसरांवर घासतं आणि पराग चिकटतात. घरी गेल्यावर तेल परागात कालवून पिल्लांचा खाऊ होतो, काही तेल पिल्लांच्या कोठड्यांना लागतं. आपल्या मधमाशीला ना तो कंगवा, ना तेलाची गरज. माझी पेटी फुकट का गेली ते इथं कळलं.

आता ब्राझील बघा. १९५५ साली पेर्नांबुकोच्या कृषी विद्यापीठानं पोर्तो रिकोहून चेरीचं बी आणलं. पीक तिथंही पाहुणंच. पण सेंट्रिस तिथली मूळची! मुरिसीसारख्या रानझाडांवर ती आधीपासून तेल गोळा करत होती. चेरी त्याच कुळातली, तिनं हीही फुलं धरली. आज ब्राझील या फळात जगात पुढं आहे. पुढं सिआरा राज्यात ब्रेनो फ्रेइतास आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवलं की या माश्या चेरीच्या कामाच्या आहेत. नंतर भोकं पाडलेल्या लाकडी ठोकळ्यांत पुठ्ठ्याच्या नळ्या घालून सेंट्रिसची घरटी वसवली आणि ती बागेत ठेवून उत्पादन वाढवलं. चेरी फुलत नाही तेव्हा माशी जगते ती आसपासच्या रानझाडांवर. रान तोडलं की बागेतली माशीही गेली.

आपल्याकडं सेंट्रिस नाही. सह्याद्रीतली माधवीलता चेरीच्याच कुळातली, पण सेंट्रिसची साथ तिला इथं नाही. तेल देणारी फुलं मात्र आशियातही आहेत. कारलं-करटोल्याच्या मोमोर्डिका जातकुळीतल्या काही जाती तेल देतात, आणि आफ्रिका-आशियातल्या टेनोप्लेक्ट्रा माश्या ते नेतात, हे फोगेल यांनीच १९९० साली मांडलं.

कुणी म्हणेल, मग ती माशी मागवू. नको. परवानगीशिवाय परदेशी किडा आणणं कायद्यात बसत नाही, आणि शहाणपणाचंही नाही.

व्हॅनिला लावणाऱ्यांना हे नवं नाही. वेल आला, माशी मेक्सिकोत राहिली, म्हणून फूल न् फूल काडीनं फलित करावं लागतं. ती मजुरी ज्यांनी आधी धरली नाही त्यांचं गणित चुकलं.

दादाला एवढंच सांगितलं: आधी चार झाडं लाव, दोन वेगळ्या जातींची. बहरात सकाळी वीस फुलांना ब्रशनं दुसऱ्या जातीचे पराग लाव, लाल दोरा बांध. दुसऱ्या वीस फुलांना पांढरा दोरा, त्यांना हात लावू नको. महिन्याभरानं दोन्हीकडची फळं मोज. ब्रशला लागलेला वेळ मजुरीत धर. मग बँकेत जा.

मीही या बहराला हेच करणार आहे. नवं पीक घेताना आपण पाणी विचारतो, माती विचारतो, भाव विचारतो. याच्या फुलावर कोण येतं, हे विचारायचं राहून जातं.

तुमच्याकडं चेरी असेल तर एक सकाळ फुलापाशी बसा. कोण आलं, किती वेळ थांबलं, वहीत लिहा आणि इथं सांगा.