शुगर असलेल्यांनी रोजा ठेवायचा का? तयारी रजबपासूनच

भारतात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे, असे आयसीएमआरच्या पाहणीतून जून 2023 मध्ये समोर आले. आपल्या पहूर-जामनेर भागातही रमजान जवळ आला की घराघरात हाच प्रश्न निघतो: अब्बांना शुगर आहे, रोजा ठेवू द्यायचा का?

याचं सरसकट हो किंवा नाही असं उत्तर नाही. पण धोका नेमका कुठे आहे, हे अभ्यासातून बऱ्यापैकी स्पष्ट झालंय. 2001 मध्ये भारतासह 13 मुस्लिम लोकसंख्येच्या देशांत 12 हजारांहून अधिक मधुमेहींची पाहणी झाली. टाइप 2 म्हणजे मोठ्या वयात होणारी शुगर असलेल्यांपैकी जवळपास 79 टक्के लोकांनी किमान 15 रोजे ठेवले होते. रमजानमध्ये त्यांची शुगर धोकादायकरीत्या खाली जाण्याचं प्रमाण एरवीपेक्षा साडेसात पट झालं. आणि गोळ्या घेणाऱ्यांपैकी डोस बदलून घेतलेले होते फक्त एक चतुर्थांश!

खरी चूक इथेच होते. सकाळची गोळी नाश्त्यासोबत घ्यायची असते, ती आपण सहरीला तशीच घेतो आणि पुढे बारा-तेरा तास पोटात काही नाही. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड या जातीच्या गोळ्या पोट रिकामं असलं तरी शुगर खाली ओढत राहतात. त्यात ग्लिबेनक्लामाइडचा धोका जास्त. नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा फार खाली जात नाही. डॉक्टर बहुतेक वेळा मोठा डोस इफ्तारकडे नेतात आणि सहरीचा कमी करतात. मात्र हे त्यांनीच ठरवायचं. शेजाऱ्याची चिठ्ठी बघून गोळी बदलू नका.

समजावून सांगितल्याने किती फरक पडतो, ते लंडनमधल्या 2010 च्या एका अभ्यासात दिसलं. 111 मुस्लिम मधुमेहींपैकी निम्म्यांना रमजानआधी आहार, औषध आणि तपासणीची माहिती दिली. त्यांच्यात शुगर कमी होण्याचे प्रसंग 9 वरून 5 वर आले. माहिती न मिळालेल्यांत मात्र 9 चे 36 झाले.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या मार्गदर्शनात डॉक्टरांकडे रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी जायला सांगितलंय. म्हणजे रजबचा चांद दिसला की दवाखाना गाठायचा. टाइप 1 असलेले, इन्सुलिनवरच्या गरोदर बहिणी, किडनीचा मोठा त्रास असलेले आणि गेल्या तीन महिन्यांत शुगर खूप खाली गेलेले, यांना सहसा रोजा न ठेवण्याचाच सल्ला मिळतो. सूरह बकरामध्ये आजारी माणसाला सवलत दिलेलीच आहे. कजा की फिदया, ते इमाम साहेबांना विचारून घ्या.

बोटाला सुई टोचून शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं उलेमा सांगतात. तरीही अनेक बुजुर्ग या भीतीने ग्लुकोमीटरला हात लावत नाहीत. दुपारी आणि असरच्या सुमारास जरूर तपासा. घाम, थरथर, गरगरणं, उगाच चिडचिड जाणवली तर लगेच. आकडा 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेला तर रोजा सोडायचा, मगरिबला अर्धाच तास उरला असला तरी. जळगाव-संभाजीनगर रोडवर गाडी चालवणाऱ्यांनी तर हे विसरूच नये. स्टिअरिंगवर चक्कर आली तर जीव एकट्याचा जात नाही.

खाण्याचं म्हणाल तर आपली कळण्याची भाकरी सहरीला उत्तम. सोबत डाळ, अंडं, भाजी. मैद्याच्या पावापेक्षा ती पोटात जास्त वेळ टिकते. सहरी अगदी शेवटच्या वेळेला करा, ती टाळून रोजा ठेवू नका. इफ्तारला एक-दोन खजूर पुरे. त्यावर शरबत, केळी आणि भज्यांची परात आली की तासाभरात शुगर आकाशाला भिडते. तहान पाण्याने भागवा, इफ्तार ते सहरी थोडं थोडं पीत राहा.

शुगर आहे की नाही हेच माहीत नसेल, तर वयाची 30 ओलांडलेल्यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारा, त्या दिवस सांगतील.