मांडीवरचे पुस्तक



गावच्या वाचनालयात दिवेलागणीला कोण कोण येते, ते जरा डोळ्यांपुढे आणा. वर्तमानपत्र चाळणारी दोन-चार वडीलधारी मंडळी, परीक्षेचा अभ्यास करणारी मुले, कादंबरी बदलून न्यायला आलेली एखादी ताई. तिच्या कडेवर मूल असेल, तर ग्रंथपालाची नजर आधी त्या मुलाच्या हाताकडे जाते. “ताई, पोराला सांभाळा हं, पान फाडील!” त्याला दोष देता येत नाही. पुस्तक दाखल-नोंदवहीत चढलेले असते आणि त्याचा हिशेब त्यालाच द्यावा लागतो. पण त्या बोलण्याच्या मुळाशी एक जुनी समजूत आहे. पुस्तक हे वाचता येणाऱ्याचे. ज्याला अक्षर कळत नाही, त्याचे पुस्तकाशी काय काम?

ही समजूत एकट्या आपली नाही. शहाण्या म्हणविणाऱ्या देशांतही ती होती, आणि ती सुटायला तीनशेहून अधिक वर्षे लागली. ती कशी सुटत गेली, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

सुरुवात करू या योहान आमोस कोमेनियस ह्या शिक्षकापासून. १५९२ साली मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक देशात, त्याचा जन्म झाला. धर्मयुद्धाच्या धामधुमीत त्याला देशोधडीला लागावे लागले. प्लेगने तरुण बायको आणि लहान मुले नेली. पुढे १६५६ साली पोलंडातले लेश्नो गाव जळाले, त्यात त्याची हस्तलिखितेही गेली. असा हा पोळलेला माणूस; पण लहान मुलांविषयी त्याची आस्था काही आटली नाही. पहिल्या सहा वर्षांच्या शिक्षणाला त्याने आईची शाळा म्हटले. ही शाळा घरोघरी असावी, आणि त्या शाळेत चित्रांचे एक पुस्तक थेट मुलाच्या हाती द्यावे, असे त्याने आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात लिहून ठेवले.

१६५८ साली न्यूरेंबर्ग शहरात त्याचे स्वतःचे चित्रांचे पुस्तक छापून निघाले. नाव ‘ओर्बिस पिक्टस’, म्हणजे चित्रांतले जग. दीडशे पाठ, आणि पाठाला लाकडी ठशाचे चित्र. चित्रातल्या वस्तूवर आकडा घातलेला आणि तोच आकडा खालच्या लॅटिन व जर्मन शब्दाजवळ. मुळाक्षरेसुद्धा कशी शिकविली, बघा! कावळा ओरडतो तो एक आवाज, कोकरू ओरडते तो दुसरा. त्या त्या आवाजाचे ते ते अक्षर. पुस्तक युरोपभर गेले. परंतु गेले ते बहुतेक लॅटिन शिकविणाऱ्या शाळांत. कोमेनियसला जे आईच्या मांडीवर हवे होते, ते मास्तरांच्या मेजावर जाऊन बसले.

मांडीवर ते यावे, तर ते स्वस्त हवे, रंगीत हवे, आणि धसमुसळ्या हातांना पुरे पडेल असे हवे. ह्या तिन्ही गोष्टी पुढे इंग्लंडमध्ये एकेक करून घडल्या. लंडनच्या एडमंड एव्हन्स ह्या मुद्रकाने लाकडी ठशांनी रंगीत छपाई बसविली. त्याच्यासाठी रँडॉल्फ काल्डेकॉटने १८७८ पासून चित्रपुस्तके काढली, ती एका शिलिंगला मिळू लागली. काल्डेकॉटची एक खुबी होती. मजकुरात एक ओळ असे, आणि तिच्यात न सांगितलेले कितीतरी त्याच्या चित्रात घडत असे. मोठ्याने ओळ वाचावी आणि लहानाने चित्र वाचावे, अशी वाटणी त्या पुस्तकांतून झाली.

पुढे बिॲट्रिक्स पॉटर ह्या बाईंनी सशाच्या पिलाची गोष्ट लिहिली. प्रकाशकांनी ती परत पाठविली, तेव्हा बाईंनी १९०१ साली पदरचे पैसे घालून अडीचशे प्रती छापून घेतल्या. लहान हातात मावेल असेच पुस्तक हवे, हा त्यांचा आग्रह होता. दुसऱ्या वर्षी एका प्रकाशकाने ते काढले आणि त्याने जगभर नाव कमावले. त्याच सुमारास, १९०३ साली, डीन नावाच्या लंडनच्या घराण्याने कापडावर छापलेली पुस्तके काढायला घेतली. चावा, चोखा, भिजवा, धुऊन वाळत घाला! पुस्तक बाळासारखे झाले, म्हणून बाळाला ते देता आले.

पण पुस्तक तयार झाले म्हणून प्रत्येक घरी थोडेच पोहोचते? एक शिलिंग मजुराला जड होता. ज्याला विकत घेणे झेपत नाही, त्याच्यासाठी ग्रंथालय. आणि तिथे तर मुलांना मज्जाव! एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या पुष्कळ सार्वजनिक ग्रंथालयांत बारा-चौदा वर्षांखालच्यांना प्रवेश नसे. पॉटकेट ह्या गिरण्यांच्या गावी मिनर्व्हा सँडर्स नावाच्या ग्रंथपाल बाई होत्या. त्यांनी १८७७ च्या सुमारास ही चाल मोडली. मुलांना आत घेतले आणि त्यांच्या बेताची ठेंगणी मेजे-खुर्च्या मांडली. पुढे ॲन कॅरोल मूर ह्या बाईंनी आधी ब्रुकलिनला आणि १९०६ नंतर न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात मुलांचे दालन म्हणजे काय, हे साऱ्या देशाला दाखवून दिले. तिथे मूल एका मोठ्या वहीत स्वतःचे नाव लिही, पुस्तक नीट वापरीन असे वचन देई, आणि सभासद होई. सहीला येणारे मूल पाच-सहा वर्षांचे का असेना, त्याला मान मिळाला. मात्र ज्याला नाव लिहिता येत नाही, ते अजून उंबऱ्याबाहेरच राहिले. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी चित्रपुस्तकाचा तास अमेरिकेतल्या ग्रंथालयांतून सुरू झाला, तो १९३५ च्या आसपास.

आपल्याकडे ह्या काळात काय चालले होते? बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड ह्यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यभर ग्रंथालये उभारायला घेतली. गावाने एक वाटा उचलावा, प्रांत-पंचायतीने एक आणि सरकारने एक, अशी ती योजना होती. पुस्तकांच्या लाकडी पेट्या भरून खेड्यापाड्यांत जात. आणि बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळी खोली होती. तिथे पुस्तकांबरोबर चित्रे आणि खेळही असत. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे, हे आपण विसरता कामा नये.

शेवटचा उंबरा उरला होता तो तान्ह्या बाळाचा. तो ओलांडला गेला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात, १९९२ साली. वेंडी कूलिंग ह्या बाईंनी एका शाळेत पहिल्याच दिवशी आलेला पाच वर्षांचा मुलगा पाहिला. हाती दिलेल्या पुस्तकाचे काय करायचे, हेच त्याला ठाऊक नव्हते. त्याने ते हुंगून पाहिले, चावून पाहिले. इतर मुले जे नवव्या महिन्यात करून मोकळी होतात, ते तो पाचव्या वर्षी करीत होता. तेव्हा ग्रंथालय आणि आरोग्यखाते एकत्र आले. बाळाला तपासायला जाणाऱ्या आरोग्यसेविकेने घरी एक पिशवी द्यायची. तीत एक चित्रपुस्तक, एक बडबडगीत आणि ग्रंथालयात येण्याचे आमंत्रण. पहिल्या खेपेस तीनशे घरांना अशी पिशवी मिळाली. पुढे ही योजना देशभर गेली आणि २००१ साली जपाननेही ती उचलली.

आता शिक्षक-मंडळी विचारतील, की बाळाला कळते तरी काय? ह्याचे उत्तर अमेरिकेत १९८८ साली एका प्रयोगातून मिळाले. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आईबापांचे दोन गट केले. दोन्ही गट मुलांना पुस्तक दाखवीतच होते. एका गटाला एवढेच शिकविले, की नुसते वाचून दाखवू नका, विचारा. “हे काय?” “हा काय करतोय?” मूल “भूभू” म्हणाले, तर “हो, काळा भूभू पळतोय” असे त्याचेच बोलणे वाढवून परत द्या. महिनाभराने पाहिले, तो ह्या गटातली मुले बोलण्यात दुसऱ्या गटाच्या कित्येक महिने पुढे गेलेली! पुस्तके सारखीच होती. फरक पडला तो त्यावरच्या गप्पांनी.

आणि चित्रावरून गप्पा मारणे ही विद्या आपल्याला परकी आहे काय? सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथले ठाकर चित्रकथी रामायण-महाभारतातल्या कथांच्या चित्रांची पोथी उलगडतात, एकेक चित्र पुढे धरतात आणि वाद्यांच्या साथीने गाऊन कथा सांगतात. समोर बसलेल्यांत अक्षर न येणारेच पूर्वी अधिक असत. कुणाचे काही अडले नाही. चित्र आणि सांगणारा असला, की पोथी सगळ्यांची होते.

तेव्हा बाळाला वाचता येत नाही ही जशी अडचण नाही, तशी आईला वाचता येत नाही हीसुद्धा अडचण नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळ घरांत आई किंवा आजी म्हणते, “मी अडाणी, मी काय शिकवू?” आजीबाई, चित्रातली गाय तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे! तिचे नाव सांगा, ती कुठे चरते, वासरू कसे लुचते ते सांगा. अहिराणीत सांगा, वारलीत सांगा, गोंडीत सांगा. चित्राला कुठलीही बोली चालते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हाच धडा घालून दिला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने त्याच्या अंगणात जावे. पाने, शंख, खडे ही त्यांची साधने होती. पुस्तकानेही तसेच अंगणात जायला हवे.

साधनांची अगदीच वाण आहे, असेही नाही. १९५७ साली दिल्लीत नॅशनल बुक ट्रस्ट आणि चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट ह्या दोन्ही संस्था निघाल्या आणि त्यांनी मुलांसाठी स्वस्त सचित्र पुस्तके काढली. मराठीत ज्योत्स्ना प्रकाशनासारख्यांनी चित्रपुस्तकांवर मेहनत घेतली. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदानाचा आधार दिला. १९७५ पासून अंगणवाड्या आल्या. पुस्तक आहे, वाचनालय आहे, अंगणवाडीताई आहेत, लस टोचायला येणारी आरोग्यसेविका आहे. ह्या चौघांची गाठ घालून देणारे माणूस मात्र गावानेच पुढे करावे लागते, आणि पुष्कळ गावांत ते माणूस म्हणजे शिक्षक.

म्हणून शिक्षकबंधू-भगिनींना चार गोष्टी सुचवितो. वाचनालयाच्या समितीला सांगून खालचा एक कप्पा लहानांसाठी मोकळा करून घ्या. जाड पानांची, मोठ्या चित्रांची दहा-पंधरा पुस्तके पुरतात. तीच पुस्तके पेटीत घालून आठवड्यातून एकदा अंगणवाडीत न्या. लस टोचण्याच्या दिवशी आयांना दोन-दोन पाने दाखवून द्या. एकच पुस्तक मूल दहा वेळा मागेल. दहाही वेळा द्यावे, कारण ओळखीच्या चित्रावर बोट ठेवण्यात त्याचा आनंद असतो. पाने मागेपुढे झाली, उलटे धरले, दोन मिनिटांत उठून गेले, तरी रागावू नये.

राहिला प्रश्न फाटण्याचा. समितीने वर्षाच्या आरंभीच ठराव करून ठेवावा, की ह्या कप्प्यातली अमुक पुस्तके झिजणार, आणि त्यांची भरपाई कुणाकडून मागायची नाही. फाटलेले पान मुलाला जवळ बसवूनच खळीने चिकटवावे. पान जपायचे असते, हे ते त्यातूनच शिकते. आणि अगदी तान्ह्यांसाठी घरच्या घरी कापडाचे पुस्तक करता येते. जुन्या सुती लुगड्याचे चार-सहा तुकडे घ्या, त्यांवर रंगीत चिंध्यांचे मांजर, मोर, बैल टाका, आणि गोधडीला घालतो तसा धावदोरा घालून कडेने शिवून घ्या. लंडनच्या कारखान्याने १९०३ साली जे केले, ते आपल्या कुठल्याही आजीला दुपारच्या वेळात जमण्याजोगे आहे.