कारला टो-बार आणि ट्रेलरची वायरिंग : होडी ओढण्याआधी काय बघायचं?

पेडणे : शापोरा नदीच्या एका काठावर शिवोली, समोर चोपडे. होडी ट्रेलरवर घालून घरी किंवा दुरुस्तीला न्यायची, तर कारला टो-बार हवा. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या आधी हे काम घाईत उरकलं जातं. खरा घोळ लोखंडात कमी, वायरिंगमध्ये जास्त होतो.

टो-बार
आधी गाडीचं मॅन्युअल उघडा. किती वजन ओढता येतं आणि टो-बॉलवर किती भार चालतो, हे दोन आकडे तिथे बघा. ते दिलेच नसतील तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. बार चॅसिसच्या मूळ बोल्टच्या जागी बसतो, बंपरला नव्हे. गाडी बंद पडल्यावर ओढायचा हूक ट्रेलरसाठी नाही. बॉल आणि कप्लर एकाच मापाचे घ्या. ५० मिमी आणि दोन इंच (५०.८ मिमी) दिसायला सारखेच, पण एक नव्हेत.

वायरिंग
जुन्या गाडीत मागच्या दिव्याची वायर सोलून ट्रेलरची वायर जोडली की भागायचं. नव्या गाडीत दिवे बॉडी कंट्रोल मॉड्यूल चालवतं. जादा भार आला की ते बल्ब बिघडल्याचा इशारा देतं, लाईन बंद करतं, कधी स्वतःच जळतं. म्हणून बायपास रिले घ्या. तो गाडीच्या दिव्यांकडून फक्त सिग्नल घेतो. करंट फ्यूज लावून थेट बॅटरीतून येतो. मॉडेलचा खास हार्नेस मिळाला तर उत्तम. मात्र काही गाड्यांत तो बसवल्यावर कोडिंग करावं लागतं.

सात पिनच्या सॉकेटची जोडणी :
१ – डावा इंडिकेटर (पिवळी)
२ – मागचा फॉग (निळी)
३ – अर्थ (पांढरी)
४ – उजवा इंडिकेटर (हिरवी)
५ – उजवा टेल (तपकिरी)
६ – ब्रेक (लाल)
७ – डावा टेल (काळी)

रंग बदललेले असू शकतात, त्यामुळे पिन नंबर बघूनच जोडा. अर्थची वायर वेगळीच ओढा; बॉलच्या भरवशावर राहू नका. खाऱ्या पाण्यात गंज लवकर धरतो. ट्रेलर पाण्यात उतरवण्याआधी प्लग काढा आणि दिवे थंड होऊ द्या.

कागदपत्रं
मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलरचीही नोंदणी लागते. ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे दिसला पाहिजे. पत्रादेवी ओलांडून बांदा-सावंतवाडीकडे जाणाऱ्यांनाही हेच लागू. नियमबाह्य बदल केल्यास दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे बार बसवण्याआधी आरटीओला विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

निघण्याआधी एकाला मागे उभं करून ब्रेक, टेल आणि दोन्ही इंडिकेटर तपासा. ट्रेलरमुळे गाडीचे स्वतःचे दिवे झाकले जातात. ट्रेलरचा ब्रेक लाईट लागला नाही, तर काळोखात मागच्या दुचाकीवाल्याला तुम्ही थांबताय हे कळणारच नाही.